माणसं दोन आणि गाडी फुल: स्टॉकरूमला माल उतरवताना अंग कसं सांभाळायचं

स्टोअरच्या मागच्या शटरला काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, मग ते सुपरमार्केट असो, मॉलमधलं बॅकस्टोअर असो नाहीतर फ्रिज-टीव्हीचं शोरूम. मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बरीच वर्षं इनवर्डला, म्हणजे आलेला माल उतरवून घ्यायच्या कामाला आहे. शहरात जड गाड्यांना दिवसा बऱ्याच रस्त्यांवर एंट्री नसते त्यामुळे गाडी येणार रात्री उशिरा नाहीतर पहाटे, माल स्टोअर उघडायच्या आत फ्लोअरवर पाहिजे, आणि चार जणांच्या कामाला रोस्टरवर दोघं, त्यातला एक परवाच जॉईन झालेला. महिन्याचा पहिला आठवडा, गणपती-दिवाळीच्या आधीचे दिवस आणि पंधरा ऑगस्टचा सेल, तेव्हा तर विचारूच नका.

सेफ्टीचे पोस्टर सगळीकडं लावलेले असतात पण ते माणसं पुरेशी आहेत असं धरून बनवलेले असतात. जड वस्तू दोघांनी उचला असं लिहिलेलं असतं, पण दुसऱ्याला बिलिंगला बोलावून घेतलंय, मग काय करायचं ते पोस्टरवर नसतं. म्हणून मी माणसं कमीच आहेत हे धरून सांगतोय, आणि यातली एक गोष्ट बाकी सगळ्याच्या वर ठेवा. माणसं कमी असली की वेळ जास्त लागणार. तो वेळ घ्यायचा. निम्म्या माणसांत तेवढ्याच वेळात गाडी खाली करायची म्हटलं की एका खेपेत दोन-दोन बॉक्स उचलले जातात, ट्रॉली डोक्याच्या वर भरली जाते, पळापळ सुरू होते, आणि लागायचं ते तेव्हाच लागतं.

गाडी यायच्या आधी

गाडी निघाली की इनव्हॉइस नाहीतर डिस्पॅचची लिस्ट मागवून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो आला तरी चालतो, आणि बॉक्स किती आहेत एवढंच न बघता वजन काढा. एक लिटरच्या तेलाच्या पाऊचमध्ये साधारण ९१० ग्रॅम तेल असतं, बॉक्समध्ये १२ पाऊच, म्हणजे बॉक्स जवळपास ११ किलोचा. असे २०० बॉक्स आले तर झाले २,२०० किलो, सव्वादोन टन धरून चाला. आता तोच बॉक्स तुम्ही गाडीतून काढून ट्रॉलीवर ठेवणार, ट्रॉलीवरून थप्पीला लावणार आणि नंतर परत काढून रॅकला नेणार, म्हणजे तीनदा उचलणार, तर एकट्या तेलाचं साडेसहा टनांच्या वर वजन हातातून गेलं, आणि दोघांत वाटलं तर प्रत्येकी सव्वातीन टन. अजून पाण्याच्या बाटल्या, साखर, डिटर्जंट मोजलेलंच नाही. हा हिशोब एकदा कागदावर काढून मॅनेजरला दाखवा, कारण "खूप माल आहे सर" याचा काही उपयोग होत नाही, आकडा दिसला की निदान बोलणं तरी सुरू होतं.

आणि तो मेसेज गाडी यायच्या आधी टाका, नंतर नाही. मी साधारण असं लिहितो: "सर, आजच्या गाडीत तेल २०० बॉक्स, पाणी ६० बॉक्स, साखर २० पोती आहे. खाली आम्ही दोघंच आहोत. पोती उतरवायला दोन तास तरी एक माणूस द्या, नाहीतर पोती सकाळची शिफ्ट आल्यावर उतरवू, तोपर्यंत गाडी थांबवायला ट्रान्सपोर्टला सांगतो. कळवा." यात तक्रार नाही, भांडण नाही, दोन पर्याय दिलेत आणि लेखी आहे. हे लेखी असणं फार महत्त्वाचं, उद्या कुणाला लागलं तर माणूस मागितला होता हे तरी दिसतं. गाडी थांबली तर ट्रान्सपोर्टवाला जास्तीचे पैसे लावतो हे खरंय आणि मॅनेजरवर त्याचं प्रेशर असतं हेही मला माहितीये, पण ते पैसे कंपनी भरते, कंबर गेली तर ती तुम्हाला जन्मभर पुरते.

दुसरं म्हणजे उतरवणं आणि लावणं ही दोन कामं वेगळी करा. माणसं कमी असताना हीच युक्ती सगळ्यात जास्त कामाला येते. गाडी खाली होईपर्यंत माल शटरच्या आत पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या बुटक्या चौकटीवर नुसता घ्यायचा, थप्पी, रॅक, एक्सपायरी बघणं, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, हे सगळं नंतर. ड्रायव्हरला सही पाहिजे असते, त्याच्या कॉपीवर "मोजणी बाकी" असं लिहून सही करा आणि एक फोटो काढून ठेवा. फक्त पॅलेट कुठं ठेवणार ते आधी ठरवा, कारण घाईत माल नेमका इमर्जन्सी दारासमोर आणि विजेच्या पॅनलसमोर जातो. पॅनलच्या पुढं एक मीटर जागा मोकळी पाहिजे आणि इमर्जन्सी दार तर पूर्ण मोकळं, पाच मिनिटांसाठीसुद्धा तिथं काही ठेवायचं नाही. माल आत असताना आग लागली तर त्याच दारानं तुम्ही बाहेर पडणार आहात.

लाइट बघा, शटरचा बल्ब गेला असेल तर आधी तो बदलून घ्या. जमीन झाडून घ्या, स्ट्रेच फिल्मचे तुकडे आणि तुटलेल्या पॅलेटच्या फळ्या पायात येतात, फळीतला खिळा साध्या चपलेतून सरळ आत घुसतो. बुटांवरून सांगतो, पुढं टोपी असलेले सेफ्टी शूज कंपनीकडं मागा, हे मेसेजमधूनच मागा, आणि येईपर्यंत निदान बंद बूट घाला. चप्पल किंवा सँडलवर गाडी उतरवायची नाही, कितीही घाई असली तरी.

गाडी लावताना

जीव जातो तो बहुतेक इथंच, वजन उचलताना नाही. गाडी रिव्हर्स घेताना मागं भिंत किंवा डॉक, म्हणजे माल उतरवायचा उंच कट्टा असतो आणि मधे कुणीतरी "येऊ दे येऊ दे" करत उभा असतो, ड्रायव्हरला तो आरशात दिसत नाही. तर नियम एकच, गाडी हलत असताना तिच्या मागं कुणीही नाही. हात दाखवणारा एकच माणूस, तो ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात त्याचा चेहरा दिसेल असा उभा, आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं थांबायचं, हे आधी दोन वाक्यांत ड्रायव्हरला सांगा. क्लीनर असेल तर हे काम त्याला द्या, त्याची सवय असते. पार्किंगमध्ये सकाळी फिरायला आलेली माणसं, दूधवाला, पेपरवाला मधे येतात, त्यांच्याकडंही लक्ष ठेवावं लागतं.

गाडी लागली की इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक, आणि चाकाखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळा. ठोकळा नसेल तर मोठा दगड लावा पण काहीतरी लावा, आपल्याकडं बऱ्याच स्टोअरच्या मागची जागा पावसाचं पाणी जावं म्हणून उताराचीच असते. मग चावी ड्रायव्हरकडून घेऊन शटरजवळच्या खिळ्याला अडकवा, काम पूर्ण झाल्यावरच परत द्या. हे जरा उद्धट वाटतं, पण ड्रायव्हरला वाटतं गाडी रिकामी झाली, तो गाडी पुढं घेतो आणि तेव्हाच आतून कुणीतरी पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेट उचलून नेणारी हातगाडी घेऊन डॉककडं येत असतो. माणूस आणि दोनशे-तीनशे किलोचा माल एकदम खाली. चावी आपल्या हातात असली की हा प्रकार होऊच शकत नाही. बहुतेक ड्रायव्हर समजूतदार असतात, चहा द्या, बसायला खुर्ची द्या, आणि त्यांना माल उतरवायला लावू नका, तो माणूस रात्रभर गाडी चालवून आलेला असतो आणि त्याला परत जायचंय.

दार उघडताना. माल रस्त्यात हलून दाराला टेकलेला असतो आणि दार उघडलं की वरचा थर अंगावर येतो. कंटेनरचं आधी एकच दार उघडा, तेही थोडंसं, आणि दाराच्या मागं, बाजूला राहून, समोर उभं राहून नाही. फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, माल झुकलेला दिसला तर तसंच थांबवा, दुसऱ्याला बोलवा, आणि वरचा झुकलेला माल आधी शिडीवरून एकेक करून काढा. उघड्या बॉडीच्या ट्रकला मागं फाळका, म्हणजे खाली पडणारं दार असतं, तो चांगलाच जड असतो, कडी काढली की जोरात खाली येतो, म्हणून दोन बाजूंना दोघं आणि दोघांनी एकदमच कड्या काढायच्या, फाळक्याच्या समोर कुणी नाही. ताडपत्री आणि दोर सोडतानाही तेच, दोर ताणलेला असतो, सुटला की तोंडावर बसतो.

डॉक आणि गाडीच्या मधली फट लोखंडी प्लेटनं झाका, प्लेट हलत नाही ना ते पाय दाबून बघा. डॉकच नसेल, आणि छोट्या स्टोअरला नसतोच, तर गाडीचा हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग कमरेच्या वर येतो आणि तिथून दिवसभर उड्या मारणं चालू राहतं. उडी मारायची नाही. उतरताना तोंड गाडीकडं करून, हात धरून, पाय टेकवत उतरा. स्टूल नको, स्टूल सरकतं, मजबूत पायरी करून घ्या.

उचलताना

गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा हे सगळ्यांनी ऐकलंय. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे बॉक्स अंगापासून किती लांब आहे. हात लांब करून धरलेला १० किलोचा बॉक्स कमरेला पोटाशी धरलेल्या बॉक्सपेक्षा कितीतरी जास्त ताण देतो. त्यामुळे आधी बॉक्स ओढून काठाला आणा, पोटाला चिकटवा आणि मगच उचला. कंबर पिळून वळू नका, पाय उचलून वळा, हा पाय उचलण्याचा आळसच जास्त नडतो कारण दोन-तीन तासांनी माणूस दमला की जागेवरून नुसता वळून ठेवायला लागतो.

किती किलो चालेल असं पोरं विचारतात. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी नायॉश म्हणून संस्था आहे, त्यांच्या हिशोबात सगळं काही ठीकठाक असेल तर, म्हणजे बॉक्स अंगाजवळ, कमरेच्या आसपास, पकड चांगली, वळणं नाही, तर कमाल २३ किलो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात पुरुषाला कमरेजवळ २५ आणि बाईला १६ किलो, पण तोच माल खांद्याच्या वर ठेवायचा असेल तर पुरुषाला १० किलोच. हे आकडे कायद्याची मर्यादा म्हणून नाहीत, काम करताना अंदाज म्हणून लक्षात ठेवा आणि हेही लक्षात ठेवा की ते अधूनमधून उचलण्याचे आहेत, तासाला शेकड्यानं बॉक्स काढण्याचे नाहीत. म्हणजे तेलाचा ११ किलोचा बॉक्ससुद्धा डोक्याच्या वरच्या थराला एकट्यानं चढवायचा नाही. आणि साखरेचं ५० किलोचं पोतं एकट्यानं उचलायचं हा प्रश्नच येत नाही, मार्केट यार्डातला हमाल पाठीवर नेतो म्हणून आपणही नेऊ असं करू नका, त्याला चढवून द्यायला आणि उतरवून घ्यायला माणसं असतात, त्याची वर्षानुवर्षांची सवय असते, आणि तरी त्या लोकांच्या पाठी-गुडघ्यांचं काय होतं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पोत्यासाठी मी जे करतो ते सांगतो. रिकामी लाकडी पॅलेट एकावर एक रचून हौद्याच्या काठाएवढा ओटा करायचा, चार कोपऱ्यांवर हात दाबून हलत नाही ना बघायचं, आणि पोतं उचलायचंच नाही, हौद्यातून सरकवत त्या ओट्यावर घ्यायचं. ओट्याच्या दुसऱ्या बाजूला थोडी कमी उंचीची दुसरी पॅलेट, त्याला लागून ट्रॉली. पोतं पायरी-पायरीनं सरकत ट्रॉलीवर येतं, दोघं दोन टोकांना, आणि हलवायच्या आधी एकानं मोठ्यानं "चल" म्हणायचं. हळू होतं, मान्य आहे. पण दोन माणसांत वीस पोती कुणाची कंबर न धरता उतरतात. बॉक्ससाठीही हाच ओटा वापरा, खाली उभ्या माणसानं हात वर करून बॉक्स झेलायचा हा प्रकार बंद करा. झेलाझेली तर नाहीच, एक बॉक्स चुकला की नाकावर.

कमरेला बांधायचा पट्टा मिळतो, कंपन्या वाटतातही. तो बांधल्यानं पाठीला दुखापत होत नाही असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त वजनाला हात घालतो. डॉक्टरनं सांगितला असेल तर जरूर घाला, पण पट्ट्याच्या भरवशावर वजन वाढवू नका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मोठा टीव्ही यांना दोन माणसं लागणारच, इथं काहीच तडजोड नाही. दुसरा माणूस नसेल तर तो नग गाडीत राहू दे.

पॅलेट ट्रक आणि ट्रॉली

हाताचा पॅलेट ट्रक ढकलायचा, ओढत मागं मागं यायचं नाही, मागं काय आहे दिसत नाही आणि टाचेवर चाक चढतं. फक्त वळवताना आणि अगदी थोडं हलवताना ओढा. उतारावर, रॅम्पवर तुम्ही नेहमी वरच्या बाजूला राहायचं, मालाच्या खालच्या बाजूला कधीही नाही. भरलेली पॅलेट उतारावर सुटली तर तिला अंगानं थांबवायचा प्रयत्न करू नका, ओरडा आणि बाजूला व्हा, माल फुटला तर फुटला. माल छातीच्या वर भरू नका म्हणजे पुढचं दिसतं. काम थांबलं की फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दात खाली टेकवून ठेवा, अर्धवट वर राहिलेला फोर्क नडगीला लागतो आणि नडगीला लोखंड लागलं की कळवळायला होतं. रिकामी पॅलेट भिंतीला उभी करून ठेवायची नाही, ती हमखास कुणाच्या तरी पायावर पडते, आडवीच ठेवा.

थप्पीला खाली जड, वर हलकं, आणि विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत बॉक्स लावा, एकावर एक सरळ ठेवले की थप्पी झुकते. ओला झालेला खोका थप्पीत खाली घेऊ नका. वर आगीचे स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या खाली निदान दीड फूट मोकळं पाहिजे, नाहीतर पाणी मालावर पसरतच नाही.

कटर, पट्ट्या आणि गळके बॉक्स

पॅकिंगची पट्टी, खास करून लोखंडी, कापताना तोंड बाजूला ठेवा आणि दुसऱ्या हातानं पट्टी दाबून धरा, ती स्प्रिंगसारखी उसळते आणि डोळ्याच्याच उंचीला येते. कटर अंगापासून बाहेरच्या दिशेनं चालवा, पातं बोथट झालं की बदला कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तेव्हाच हात सटकतो. खिशात उघडं कटर नको.

गळक्या बॉक्सवर जरा थांबतो, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. टॉयलेट क्लीनरच्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, विषारी असतो, फुप्फुसावर जातो. आता गाडीत हे दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी येतात, दोन्ही फुटलेले असतात, आणि आपण सवयीनं एकाच बादलीत एकाच फडक्यानं पुसायला जातो. असं करायचं नाही. दार उघडल्यावर डोळ्यांत चुरचुरलं, घशात ठसका आला, स्विमिंग पूलसारखा उग्र वास आला तर आत जायचंच नाही, दोन्ही दारं उघडून बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा आणि मॅनेजरला बोलवा. नुसतं एकच काहीतरी गळत असेल तर रबरी हातमोजे घालून तो बॉक्स वेगळ्या ट्रेमध्ये बाहेर ठेवा. अंगावर उडालं तर कपडा काढा आणि पाण्याच्या धारेखाली निदान १५-२० मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तर डोळा उघडा ठेवून तेवढाच वेळ धुवा आणि लगेच दवाखाना.

तेल सांडलं तर पाणी टाकू नका, जास्त घसरतं. लाकडाचा भुसा नाहीतर वाळू टाकायची, गोळा करायची, मग साबणाच्या पाण्यानं घासायचं. भुश्याचं एक पोतं शटरजवळ कायम ठेवा, वखारीत स्वस्तात मिळतं. पावसाळ्यात गाडीतून ओले पाय आत येतात तेव्हा शटरच्या आत खोक्याचे पुठ्ठे अंथरतात, तो पुठ्ठाच भिजून सरकतो, त्यापेक्षा रबरी मॅट मागून घ्या.

गरमी

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभा राहिलेला बंद कंटेनर आतून भट्टी झालेला असतो, बाहेरच्यापेक्षा बराच जास्त तापतो. दोन्ही दारं पूर्ण उघडून थोडा वेळ हवा लागू द्या, पेडेस्टल फॅन दाराशी लावा, आणि आतल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून दुसऱ्यानं आत जायचं. दोघंच असताना ही अदलाबदल चुकते कारण एक जण ट्रॉलीवर अडकतो, म्हणून मोबाईलला अलार्म लावा. पाणी तहान लागायची वाट न बघता प्या, घाम फार जात असेल तर ओआरएस नाहीतर मीठ-साखर-लिंबाचं पाणी. सोबतचा माणूस बडबडायला लागला, गोंधळला, लडखडला, अंग भाजत असेल तर ही साधी चक्कर नाही, उष्माघात आहे. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

एकटं असताना

एकट्यानं गाडी उघडायची नाही. पहाटे तुमच्याशिवाय कुणीच नसेल तर गाडी लावून घ्या, चावी घ्या, फोन करून कळवा आणि दुसरा येईपर्यंत थांबा. सिक्युरिटी गार्डला नुसतं तिथं उभं करणं म्हणजे दोन माणसं झाली असंही नाही, पण कुणी पडलं तर फोन करायला तरी कुणी पाहिजे, तेवढ्यासाठी त्याला नक्की सांगून ठेवा. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात गाडीच्या आत पाठवू नका, खाली ट्रॉलीवर ठेवा आणि त्याला स्पष्ट सांगा की जमत नसेल तर जमत नाही म्हण. नवीन माणूस लाजेपोटी नाही म्हणत नाही, आणि लागतं त्यालाच. सोबतची एखादी ताई गरोदर असेल तर तिला उचलायचं काम देऊच नका, स्कॅनर आणि मोजणी तिच्याकडं द्या, तिला मागायची वेळ येऊ देऊ नका.

आपल्या राज्यात माल चढ-उतार करणाऱ्यांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. बाजार समित्यांत आणि काही गोदामांत माथाडी बोर्डाचे नोंदलेले कामगार माल उतरवतात. आपल्या बॅकस्टोअरला मात्र हेच काम "स्टोअर असोसिएट" करतो, ज्याच्या ऑफर लेटरमध्ये गाडीचा उल्लेखसुद्धा नसतो. हे मला मनापासून खटकतं. निदान ओव्हरटाइम तरी सोडू नका, राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे, गाडीमुळे थांबलात ती वेळ पंचिंगमध्ये आली पाहिजे.

लागलं तर

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, हळद-चहापावडर भरू नका. उंचावरून पडलेल्याला, मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर उठवून बसवायचं नाही, रिक्षात तर मुळीच घालायचं नाही, १०८ येईपर्यंत तसाच राहू द्या. पाठीत चमक भरली तर त्या दिवशी उचलणं बंद. पण पाठदुखीसोबत पायात बधिरपणा आला, पाय ओढायला लागला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मालिश, शेक, चोळणं काही करत बसू नका, त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलला जा. मणक्यातल्या नसा दबलेल्या असतात आणि उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

आता हे शेवटचं नीट वाचा. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा कापला जात असणार, पगाराच्या ०.७५ टक्के तुमचा आणि ३.२५ टक्के मालकाचा. पगार थर्ड पार्टीच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या नावानं येत असला तरी तुम्ही त्यात येता. कामावर लागलं तर नोकरीचा पहिला दिवस असला तरी उपचार मिळतात आणि डॉक्टरनं काम बंद सांगितलं त्या काळात सरासरी पगाराच्या ९० टक्के पैसे मिळतात. पण त्यासाठी अपघात कामावर झाला हे कागदावर आलं पाहिजे. एका ठिकाणी माझ्या सोबतच्या पोराला "घरी जिन्यावरून पडलो असं सांग, बिल आम्ही बघतो" असं सांगितलं गेलं, त्यानं तसं सांगितलं, आणि पुढं तीन महिने प्लास्टर होतं तेव्हा बिल बघायला कुणी आलं नाही. त्यामुळे दवाखान्यात केसपेपर काढतानाच "कामावर, गाडीतून माल उतरवताना" असं लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट. स्टोअरच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा आणि तिचा फोटो काढा. सोबत कोण होतं त्याचं नाव लिहा. गाडीचा नंबर आणि त्या रात्रीचं रोस्टर यांचाही फोटो ठेवा, आणि माणूस मागितल्याचा तो मेसेज डिलीट करू नका. मालकानं अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला पाठवायचा असतो, पाठवला का ते स्वतः विचारा, टाळाटाळ झाली तर केसपेपर घेऊन ब्रँच ऑफिसला स्वतः जा. ईएसआयमध्ये नसाल तरी कामावरच्या अपघाताची भरपाई मालकानं द्यायची असा कायदा आपल्याकडं १९२३ पासून आहे, त्यासाठी कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जायचं. तुमचा ईएसआय नंबर आज घरी गेल्यावर सॅलरी स्लिपवर शोधा, नसेल तर उद्याच एचआरला विचारा, आणि मिळाला की घरच्यांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.